युगांडात ज्येष्ठ मिशनरी दांपत्य म्हणून जाताना: हातपंप, नवजात बाळं, व्हीलचेअर आणि कागदपत्रं

परदेशी_माई विचारतात:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त आहोत, सध्या ह्यूस्टनजवळ मुलाकडे राहतो. हे पाटबंधारे खात्यात स्थापत्य अभियंता होते, मी सरकारी रुग्णालयात परिचारिका. दोघंही चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे सभासद आहोत. ज्येष्ठ मिशनरी दांपत्य म्हणून 18 महिन्यांसाठी युगांडात, कंपालाला नेमणूक झाली आहे. काम मानवतावादी प्रकल्पांचं: पिण्याचं पाणी, नवजात बाळांना श्वास देण्याचं प्रशिक्षण आणि व्हीलचेअर.

प्रशिक्षणाची पुस्तिका मिळाली आहे, पण ती सगळ्या देशांसाठी एकच आहे. प्रत्यक्ष जमिनीवर काय बघायचं, कुठं फसायला होतं, कंत्राटदाराला काय विचारायचं, हे माहीतगारांकडून समजून घ्यायचं आहे. शिवाय यांचं वय 68, माझं 64. यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोघांचं ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व अजून नाही. हे मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट बीचा हप्ता भरतात. या बाजूनं काय काळजी घ्यावी? सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

प्रकल्पवही:

माई, दोघांचं अभिनंदन. आधी कामाची चौकट सांगतो, म्हणजे पुढची उत्तरं नीट लागतील.

तुमच्या नेमणुकीत धर्मप्रसार नाही. मदत कुणाला द्यायची हे गरजेवर ठरतं, धर्म किंवा जमात बघून नाही, आणि प्रकल्पाच्या बैठकीत चर्चचा विषय काढायचा नसतो. दुसरं, तुम्ही पैसे वाटणारे नाही. चर्चच्या आफ्रिका सेंट्रल विभागाचं कार्यालय 2020 पासून नैरोबीत आहे. प्रकल्पाचा अर्ज तुमच्याकडून तिकडं जातो, मंजुरी तिथून येते आणि रक्कम थेट पुरवठादाराला किंवा कंत्राटदाराला मिळते. तुमचं काम म्हणजे गरज शोधणं, स्थानिक भागीदार संस्था पारखणं, अर्ज बांधणं, कामावर लक्ष ठेवणं आणि शेवटी हिशेब बंद करणं. स्वतःचं राहणं-खाणं तुमच्याच खिशातून. घरभाड्याला मात्र मर्यादा आहे, 2011 साली ती दांपत्यामागे महिना 1,400 डॉलर ठरली होती. तुमच्या नेमणुकीच्या कागदांत आजचा आकडा असेल, तोच धरा.

अर्जात सगळ्यांत कच्चा राहतो तो एकच रकाना: दर महिन्याला चालवायचा खर्च किती आणि तो कोण देणार. भागीदार संस्था तिथं "समाज देईल" असं लिहून मोकळी होते. ते स्वीकारू नका. कोण, किती शिलिंग, कोणत्या महिन्यात, पैसे कुणाकडे जमा, पावती कोण फाडणार, हे लिहून घ्या. शेतकरी गावात वर्गणी पीक विकल्यावरच गोळा होते. दर महिन्याच्या वर्गणीचा तक्ता कागदावर छान दिसतो आणि तिसऱ्या महिन्यात बंद पडतो.

जमिनीचा कागद विसरू नका. युगांडात जमिनीचे हक्क गुंतागुंतीचे आहेत. बुगांडा भागात मायलो पद्धत आहे, म्हणजे जमीनमालक एक आणि पिढ्यान्पिढ्या कसणारा दुसरा. उत्तरेकडे जमीन बहुतेक कुळाच्या ताब्यात असते. बोअर ज्या जागेत मारायची तिथल्या मालकाची आणि कसणाऱ्याची, दोघांची लेखी संमती हवी, त्यावर गावच्या एलसी-1 (गावपातळीची स्थानिक परिषद) अध्यक्षाचा शिक्का हवा आणि पंपापर्यंतची पायवाटही त्यात नमूद हवी. हे केलं नाही तर पाणी लागल्यावर कुंपण पडतं आणि पंप एका घराचा होतो.

गावात गेल्यावर मान डोलावणंसुद्धा जपून करा. पाहुण्यानं हो म्हटलं म्हणजे वचन दिलं असंच लोक धरतात. "आम्ही फक्त माहिती घ्यायला आलो आहोत, निर्णय दुसरीकडे होतो," हे वाक्य लुगांडात आणि ज्या भागात जाल तिथल्या भाषेत दुभाष्याकडून पाठ करून घ्या आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीलाच म्हणा.

18 महिन्यांची आखणी उलटीकडून करा. शेवटच्या चार महिन्यांत नवा प्रकल्प सुरू करायचा नाही, त्या काळात फक्त पूर्तता, तपासणी, हस्तांतरण. सुरुवातीचे दोन-तीन महिने आधीच्या दांपत्याचे जुने प्रकल्प जाऊन बघा. आज काय चालू आहे, काय बंद आहे आणि का, एवढ्यातच पुढच्या वर्षाची दिशा मिळते. मधे उरतं साधारण वर्षभर. दक्षिणेत मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे असतात, उत्तरेत एप्रिल ते ऑक्टोबर असा एक लांबलचक. बोअरची गाडी चिखलात जात नाही, म्हणून प्रत्यक्ष खोदाईचे महिने मोजकेच हाती येतात.

अमेरिकेहून कुणी कंटेनर पाठवतो म्हणालं तर आधी थांबवा. युगांडाला समुद्र नाही, माल मोम्बासा बंदरातून रस्त्यानं येतो. करमाफीचं पत्र माल निघायच्या आधी हातात नसेल तर बंदरात रोजचं भाडं चढत जातं आणि ते कधीकधी मालाच्या किमतीपुढं जातं. अमेरिकन यंत्रं 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची. युगांडात 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, जवळपास भारतासारखंच. औषधं असतील तर देशात पोचताना मुदत निदान एक वर्ष शिल्लक हवी, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या देणगीविषयक मार्गदर्शनातला नियम आहे. जे कंपालाच्या बाजारात मिळतं ते तिथंच घ्या. सुटे भागही मग तिथंच मिळतात.

भूजल_मित्र:

साहेबांना पाण्याचा अनुभव आहे, म्हणून थेट बोलतो. नवी बोअर मारण्याआधी बंद पंप मोजा. रुरल वॉटर सप्लाय नेटवर्कच्या 2009 च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत 36 टक्के हातपंप बंद होते. ज्या बोअरमध्ये पाणी आहे पण पंप मोडलाय, तिची दुरुस्ती नव्या बोअरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि पाणी लागेल की नाही ही धास्तीही नसते.

युगांडात यू-2 आणि यू-3 हे मानक पंप आहेत. म्हणजे आपलेच इंडिया मार्क टू आणि मार्क थ्री. मार्क टूचं मूळ महाराष्ट्रात आहे. जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या मंडळींनी दुष्काळी गावांसाठी पोलादी पंप बनवले. त्यात सोलापूर वेल सर्व्हिसमधला स्वीडिश मेकॅनिक ऑस्कर कार्लसन याचं काम मोठं. 1970 च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारनं सोलापूर पंपाच्या धर्तीवर मार्क टू घडवला. साहेबांनी तो पंप गावोगाव पाहिला असेलच, आता तो नाईलच्या काठी भेटेल.

दोन्हींतला फरक ध्यानात ठेवा. यू-2 मध्ये वायसर बदलायचं तर सिलिंडरसकट सगळी पाइपलाइन वर ओढावी लागते. त्याला तिकाटणं, क्लॅम्प, चार माणसं आणि प्रशिक्षित मेकॅनिक लागतो. यू-3 मध्ये पाइप रुंद असल्यामुळे दांड्या ओढून पिस्टन वर काढता येतो, पाइप जागेवरच राहतो. यू-3चाच एक सुधारित प्रकार आहे, यू-3-एम, त्यात पीव्हीसी पाइप असतो. गावाला स्वतःची दुरुस्ती करता यावी असं वाटत असेल तर शेवटचे दोन प्रकार विचारात घ्या. पण तालुक्याच्या गावी कोणत्या पंपाचे भाग दुकानात मिळतात हे आधी जाऊन बघा. चांगला पंप आणि नसलेला वायसर, याला अर्थ नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: गंज. युगांडात बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. सामू 6.5 च्या खाली असेल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवरचा थर टिकत नाही. पाइप आतून खात जातो, पाणी लाल-तपकिरी येतं, वास मारतं, कपड्यांवर डाग पडतात, घुगऱ्या काळ्या पडतात. मग बायका पुन्हा दलदलीतल्या झऱ्यावर जातात आणि कागदोपत्री "चालू" असलेला पंप ओस पडतो. याच कारणानं युगांडाच्या पाणी मंत्रालयानं 2016 साली हातपंपात जीआय पाइप आणि दांड्या वापरणं थांबवलं. तरी बाजारात त्या मिळतात, स्वस्तही असतात, आणि दरपत्रकात नुसतं "पाइप" लिहिलेलं असतं. दरपत्रकात यूपीव्हीसी किंवा स्टेनलेस स्टील, ग्रेड 304 की 316, असं स्पष्ट हवं, सोबत कारखान्याचं प्रमाणपत्र. स्टेनलेस पाइपला जीआय कपलिंग जोडू देऊ नका. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की त्यातला लवकर गंजणारा आधी झिजतो आणि सांध्यातून सगळी लाइन बोअरमध्ये पडते.

कंत्राटाबद्दल. "पाणी नाही तर पैसे नाहीत" अशी अट ऐकायला सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात ती घात करते. कंत्राटदार कोरड्या बोअरचा तोटा भरून काढायला सगळ्याच बोअरचे दर चढवतो, अवघड पण गरजेच्या गावांना टाळतो, आणि जेमतेम झिरपणारी बोअर "यशस्वी" म्हणून माथी मारतो. त्यापेक्षा भूजलतज्ज्ञाकडून वेगळं सर्वेक्षण करून घ्या, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि खोदाईचे पैसे मीटरमागे, कोरड्या बोअरचा दर आधीच ठरवून. सर्वेक्षण करणारा आणि खोदणारा एकच नको.

खोदाईच्या दिवशी जागेवर स्वतंत्र देखरेख हवीच. ड्रिलचे रॉड मोजले की खोली कळते. उतरवण्याआधी केसिंगचे (बोअरच्या अस्तराच्या पाइपचे) नग जमिनीवर मांडून मोजा, साधे किती, जाळीचे किती. जाळीचा पाइप पाणी लागलेल्या थरासमोरच आला पाहिजे. बाहेरून खडी-वाळूचा भराव, आणि वरच्या काही मीटरला सिमेंट किंवा मातीचं घट्ट बूच, नाहीतर पावसाचं घाण पाणी केसिंगच्या कडेनं थेट खाली जातं. हे बूच जमिनीखाली असल्यामुळे नंतर कुणाला दिसत नाही, म्हणून तेच सर्रास गाळलं जातं. संडासाचा खड्डा बोअरपासून निदान 30 मीटर लांब.

क्षमता चाचणी सलग काही तास घ्यायला लावा आणि पंप थांबवल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते तेही लिहून घ्या. चाचणी शक्यतो कोरड्या हंगामाच्या अखेरीस, पावसाळ्यात सगळ्याच बोअर चांगल्या असतात. स्फीअर मानकांत (मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय निकष) एका हातपंपामागे जास्तीत जास्त 500 माणसं धरतात, मिनिटाला 17 लिटर या हिशेबानं. माणशी 15 लिटर म्हणजे दिवसाला 7,500 लिटर, म्हणजे जवळपास साडेसात तास अखंड दांडा चालला पाहिजे. 1,200 वस्तीच्या गावात एकच पंप बसवला तर तो गैरवापरानं मोडला असं म्हणायचं कारण नाही, तो मोजमापानं मोडलेला असतो.

निर्जंतुकीकरणाचा हिशेब साहेबांसाठी. 5 इंची केसिंगमध्ये मीटरला साधारण 12.3 लिटर पाणी मावतं. बोअर 60 मीटर, पाणी 15 मीटरवर, म्हणजे 45 मीटरचा स्तंभ, सुमारे 550 लिटर. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर 27 ते 28 ग्रॅम क्लोरीन लागेल. 65 टक्के क्लोरीनची एचटीएच पावडर असेल तर 42 ग्रॅम, आपल्याकडची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 33 टक्क्यांची ताजी असेल तर 84 ग्रॅम. डबा उघडा राहिलेली टीसीएल निम्म्यावर येते, म्हणून पावडर कधीची आहे ते विचारा. बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी ओता. रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा.

प्रयोगशाळेत पाणी पाठवताना किमान एवढं मागा: ई. कोलाय 100 मिलिलिटरमध्ये शून्य, लिटरमागे फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट 50 मिलिग्रॅमच्या आत, आर्सेनिक 10 मायक्रोग्रॅमच्या आत, शिवाय लोह आणि सामू. अहवाल हाती आल्याशिवाय अखेरचा हप्ता सोडू नका.

परदेशी_माई:

भूजल_मित्र, फार आभार. हे वहीत उतरवून घेत आहेत. एक विचारतात: जुन्या पंपातून लाल पाणी येतंय, तर पाइप गंजलाय की जमिनीतच लोह आहे, हे पाइप न काढता कसं ओळखायचं?

भूजल_मित्र:

सोपं आहे. पहाटे, रात्रभर पंप न वापरलेला असताना, पहिल्याच झटक्यांचं पाणी बाटलीत घ्या. मग 15-20 मिनिटं सलग उपसा आणि दुसरी बाटली भरा. दोन्हींतलं लोह खिशातल्या चाचणी पट्टीनं मोजा. पहिल्या बाटलीत खूप आणि दुसरीत अगदी कमी, तर पाइप गंजतोय, पाइप बदलला की पाणी सुधारेल. दोन्हींत सारखंच असेल तर लोह जमिनीतलं आहे, मग पाइप बदलून पैसे वाया जातील. तिथं लोह काढायची वाळूची टाकी किंवा दुसरी जागा बघावी लागते. टाकीची वाळू नेमानं धुवावी लागते आणि ते कुणी करत नाही, म्हणून माझा कल दुसऱ्या जागेकडे.

त्याच वेळी आणखी एक बघा: पंप अर्धा तास विसावल्यावर पाणी यायला किती झटके लागतात. दर भेटीला हा आकडा वाढत असेल तर तळाची झडप गळतेय किंवा पाइपला भोक आहे.

वॉर्ड_नंबर_सात:

माई, तुम्ही स्वतः परिचारिका, त्यामुळे नवजात बाळांचा भाग तुमच्या हातचा आहे. अमेरिकन बालरोग अकादमीनं 2010 साली सुरू केलेला "हेल्पिंग बेबीज ब्रीद" हा अभ्यासक्रम तिथं वापरात आहे, 2016 पासून त्याची दुसरी आवृत्ती. गाभा एकच: पहिलं सोनेरी मिनिट. बाळ जन्मल्यावर कोरडं पुसा, अंगाशी ऊब द्या, रडत नसेल तर पाठ चोळा, गरज असेल तरच तोंड-नाक साफ करा, आणि तरीही श्वास नसेल तर मिनिट संपायच्या आत बॅग आणि मास्कनं श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. वेग मिनिटाला 40.

वर्गात सगळ्यांना हे येतं. प्रसूतिकक्षात चुकतं ते असं. मास्कची कड गालावर नीट बसत नाही, हवा बाजूनं जाते. मान फार मागे टाकली जाते किंवा हनुवटी छातीला टेकते, श्वासमार्ग बंद. प्रत्येक बाळाचा घसा खोलवर ओढून साफ केला जातो, त्यात मिनिट जातं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. आणि सगळ्यांत वाईट, बॅग कपाटात कुलूपबंद असते, किल्ली प्रमुख सिस्टरांकडे आणि त्या रात्री घरी. वस्तू हरवली तर पगारातून कापतील ही भीती त्यामागे असते. म्हणून बॅग-मास्क देताना आरोग्य केंद्राच्या प्रमुखाकडून लेखी घ्या की ती प्रत्येक प्रसूतिटेबलाशी उघड्यावर, टांगलेली राहील आणि झीज झाल्यास कुणावर वसुली होणार नाही.

छाती हलत नसेल तर क्रम पक्का करून घ्या: आधी मास्क पुन्हा बसवा आणि डोक्याची स्थिती सुधारा, मग तोंडातला स्राव काढून तोंड थोडं उघडा, मग बॅग जास्त दाबा. याच क्रमानं. घाबरलेला हात एकदम जोरात दाबायला जातो.

साहित्य: टेबलामागे एक बॅग, शून्य आणि एक क्रमांकाचे मास्क, एक उकळता येणारा सिलिकॉनचा शोषक फुगा, शिवाय केंद्राला एक जास्तीचा संच, कारण पहिला धुण्यात असताना दुसरं बाळ येतं. प्रत्येक वापरानंतर सुटे भाग करून साबणानं धुणं, निदान 10 मिनिटं उकळणं, वाळवणं. नुसतं क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवलं की रबर चिकट होतं. सरावाच्या बाहुलीत दोन लिटर कोमट पाणी भरतात. सराव झाल्यावर ती रिकामी करून वाळवली नाही तर आत बुरशी धरते.

एका प्रशिक्षकामागे सहा जणांपेक्षा जास्त नकोत, आणि दोघांत एक बाहुली. शंभर जणांना सभागृहात बसवून प्रमाणपत्रं वाटण्यात काही हशील नाही. खरा उपयोग होतो तो नंतरच्या छोट्या सरावाचा, ड्यूटी बदलताना पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून काही वेळा. त्यासाठी बाहुली जिल्ह्याच्या गोदामात न ठेवता केंद्रातच ठेवा. दर्जा तीनच्या आरोग्य केंद्रात (युगांडात केंद्रांना असे क्रमांक असतात) प्रसूतिगृह असतं, तिथून सुरुवात करा. बदल्या होतातच, त्यामुळे एका केंद्रातल्या एकीलाच तयार करू नका, रात्रपाळीच्या दाई-परिचारिका आधी घ्या.

शिकवायला तुम्ही पुढे उभ्या राहू नका असं मी आवर्जून सांगेन. तुमचा हात कितीही सराईत असो, युगांडातल्या डॉक्टर आणि परिचारिकांनी शिकवलेलं टिकतं, कारण पुढच्या वर्षी ते तिथंच असतात. तुम्ही मागच्या बाकावर बसून मास्क बघा.

फिजिओ_ठाणे:

व्हीलचेअरबद्दल. मोठा समारंभ, रांगेत चकचकीत खुर्च्या, एकाच मापाच्या, आणि एकेकाला उचलून बसवणं: हे कृपा करून होऊ देऊ नका. मणक्याची इजा झालेल्या माणसाला बुडाखाली संवेदना नसते. चुकीच्या खुर्चीत, उशीशिवाय बसवलं तर काही तासांत कातडी लाल होते, पुढे जखम, मग रक्तात जंतुसंसर्ग आणि मृत्यू. खुर्ची नसती तर तो माणूस जगला असता, इतकं हे गंभीर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली आठ टप्पे घालून दिले: नोंद व वेळ, तपासणी, खुर्चीची निवड, निधी व मागणी, खुर्चीची तयारी, माप जुळवणं, वापरणाऱ्याला शिकवणं, आणि दुरुस्ती व पाठपुरावा. देणगीदार चौथ्या-पाचव्या टप्प्यावर पैसे देतात आणि बाकीचे गाळले जातात. तुमच्या प्रकल्पात पैशाचा मोठा भाग प्रशिक्षित लोकांच्या वेळेवर आणि पाठपुराव्यावर दिसला पाहिजे.

मापं अवघड नाहीत. बैठकीची रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी, "थंडीत स्वेटर घालेल" म्हणून वाढवायची नाही. खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर, त्यातून 3 ते 6 सेंटिमीटर वजा, नाहीतर कड पोटरीला रुतते आणि माणूस पुढे घसरून बसतो. पावठ्याची (पाय ठेवायच्या फळीची) उंची अशी की मांडी पूर्ण उशीवर टेकेल. पावठा उंच असला की सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो.

उशी तपासायची हाताची चाचणी प्रत्येकाला शिकवा. माणूस बसलेला असताना बुडाच्या हाडाखाली बोटं सरकवा. बोटांची टोकं 5 मिलिमीटर वरखाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर काढता येतात, तर सावध. घट्ट दाबली जाऊन काढणं कठीण, तर ही उशी त्या माणसाला द्यायची नाही. संवेदना नसलेल्याला "टोचतंय का" असं विचारून काही कळत नाही.

कंपालात गुळगुळीत फरशीवर चालणारी, पुढे छोटी चाकं असलेली रुग्णालयी खुर्ची गावाकडच्या लाल मातीत रुतते. खेड्यासाठी लांब आकाराची, पुढे एकच मोठं चाक असलेली तीनचाकी घ्या. मागच्या चाकाचा टायर स्थानिक सायकलच्या दुकानात मिळतो का, बोटानं दाखवून बघा. बेअरिंगचा क्रमांक मागा आणि तो बाजारात शोधा. बोडाबोडा (भाड्याच्या मोटारसायकली) दुरुस्त करणाऱ्याला एक खुर्ची उघडून दाखवली तर दुरुस्तीचा प्रश्न अर्धा सुटतो.

लहान मुलांना मोठ्यांची खुर्ची देऊन गाद्या कोंबणं चालत नाही. मेंदूच्या पक्षाघातानं बाधित मुलांना आधाराची वेगळी बैठक लागते, ती करणारं केंद्र जवळ नसेल तर आधी त्यांना यादीत घेऊ नका, आशा लावून परत पाठवणं फार वाईट.

कागदपत्र_काका:

आता तुमच्या स्वतःच्या गोष्टी.

ग्रीन कार्ड: 18 महिने बाहेर म्हणजे एक वर्षाच्या वर. निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या, अर्ज आय-131. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं आणि बोटांचे ठसेही तिथंच द्यायचे, म्हणून विमानाच्या तारखेच्या पुष्कळ आधी टाका. परमिट दोन वर्षांपर्यंतचं मिळतं. यानं ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीची सलग वास्तव्याची मोजणी मात्र वाचत नाही. धार्मिक संस्थेच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना ती मोजणी राखायला एन-470 असा वेगळा अर्ज आहे, तो तुम्हाला लागू होतो का हे इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवून विचारा.

मेडिकेअर अमेरिकेबाहेर सहसा पैसे देत नाही. परदेशातल्या काळासाठी चर्चच्या ज्येष्ठ सेवेकऱ्यांची वैद्यकीय योजना असते, ती घ्या. पार्ट बी बंद करायचा विचार असेल तर एक तरतूद ठाऊक हवी: करमुक्त संस्थेच्या निदान 12 महिन्यांच्या कार्यक्रमात परदेशी स्वयंसेवा केली आणि त्या काळात आरोग्यविमा होता, तर परतल्यावर सहा महिन्यांत दंडाशिवाय पार्ट बी पुन्हा घेता येतो. चर्चकडून तारखांचं पत्र आणि विम्याचा दाखला जपून ठेवा. पत्र नसेल तर प्रत्येक पूर्ण 12 महिन्यांमागे हप्त्यावर 10 टक्के दंड कायमचा बसतो.

पीतज्वराची लस युगांडासाठी लागते. 60 च्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, तुम्ही दोघंही त्या वयात आहात. प्रवासवैद्यकाकडे जा, थायमसचा आजार, स्टेरॉइड, केमोथेरपी असं काही असेल तर स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी नको म्हटलं तर सूटपत्रावर विसंबून विमानात बसू नका, नेमणूक बदलून मागा. घेतली तर प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतर लागू होतं आणि 2016 च्या नियमापासून ते आयुष्यभर चालतं.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या 18 महिने सलग घ्यायच्या आहेत, म्हणून निवड विचारपूर्वक. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस ते परतल्यावर सात दिवस, पण मूत्रपिंड फार अशक्त असेल तर नको. डॉक्सीसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हानं कातडी भाजते. मेफ्लोक्विन हृदयाच्या ठोक्यांचा किंवा मानसिक त्रास असलेल्यांना देत नाहीत. साहेबांच्या रक्तदाबाच्या गोळीचं मूळ नाव, ब्रँडचं नाही, चिठ्ठीवर लिहून घ्या. गोळ्या घेत असलात तरी रोज मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. "थकव्यानं आला असेल" म्हणून दोन दिवस थांबायचं नाही.

आणि मधे घरच्या लग्नाकार्याला भारतात यायचं ठरलं तर पीतज्वराच्या लशीचं हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. युगांडाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत.